आखणीचा दम

महिपतीच्या पहाटेच्या खोकल्यावर पेणच्या त्या आळीतल्या बायका चहाचं आधण ठेवत, इतका तो सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. पण सत्त्याहत्तर सालच्या आषाढात घराच्या पाच पायऱ्या चढताना त्याला धाप लागली, तेव्हा त्याच्या बायकोने, मैनाने, मूर्तींच्या कारखान्याला कुलूप ठोकलं आणि त्याला एस.टी.त बसवून रोह्याला नेलं.

डॉक्टर अय्यूब चौकस माणूस. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय नव्हता. मग त्यांनी काडी पेटवून महिपतीसमोर धरली. "तोंड उघडं ठेवून फुंका." काडी त्यांच्या बोटापर्यंत जळत आली, पण विझली नाही.

"काम काय करता?"

"गणपती," मैना म्हणाली. "मी वाळलेल्या मूर्ती घासते, हे डोळे आखतात. चाळीस वर्षं झाली."

"म्हणजे धूळ तुम्ही जास्त खाल्लीत. तुम्हाला खोकला?"

"नाय."

डॉक्टरांनी महिपतीच्या छातीला नळी लावली ती लवकर काढली नाही. "आत घेतात तेवढा श्वास बाहेर येत नाय. आखताना काय करता?"

"दम धरतो. हात हलला तर देव तिरळा व्हायचा. दोन्ही डोळे झाले की सोडतो."

"आखणी बंद. नायतर दिवाळी दिसायची नाय."

परतताना मैनाला लग्नाचं वर्ष आठवलं. हा दम धरायचा तेव्हा तीही धरायची, मग दोघं एकदम सोडून हसत सुटायची. ओल्या मातीचा वास, दारात गिऱ्हाइकांची रांग. काय सोन्याचे दिवस होते ते! खिडकीकडे तोंड करून ती रडली.

घरी फळीवर बिनडोळ्यांचे अकरा गणपती. पहिला गागोद्याचा, तिच्या माहेरचा; तिच्या लग्नापासून याच्याच हातचा.

"एवढा एकच, गो."

हट्टापुढे कुणाचं चाललंय? तिने कुंचला दिला.

उजवा डोळा झाला. डावा झाला. त्याने कुंचला ठेवला.

श्वास सुटायची ती वाट बघत राहिली.

आळीतून एक सायकल गेली. आतून भात करपल्याचा वास आला.

महिपतीने वर बघितलं. किती वर्षांनी तो असा हसला होता. "बघ, खोकला नाय, धाप नाय. कसं मोकळं वाटतंय."

तिने त्याच्या छातीवर तळवा ठेवला. छाती हलत नव्हती. नाकाखाली बोट धरलं, बोटाला वारा लागला नाही.

"काय बघतेस? दुसरा दे, उजेड हाय तवर."

मैनाने बोट पदराला पुसलं आणि दुसरा गणपती उतरवून त्याच्यासमोर ठेवला.