यल्लाप्पाचा ब्रेक

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे घडलेलं आहे. साल शहात्तर, जागा सालप्याचा घाट. आणि रात्र नव्हती. लख्ख दुपार होती.

उंब्रजच्या नाथाजीकडे एक पिकअप होती. गुळाच्या ढेपा भरून ती लोणंदच्या बाजाराला जायची. चालवायचा यल्लाप्पा. जतकडचा गडी. दारू सोडा, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचा नाही.

दिवाळीनंतर तो नाथाजीला म्हणाला, "मालक, घाटात मागचे ब्रेक धरंनात. चाकातला ड्रम तापला की पायडल खाली जातंय. सारखं पायानं पंप मारावं लागतंय. एक दिस घात हुईल."

मलकापूरचा लालासाहेब मिस्त्री मिलिट्रीतनं आलेला. त्यानं पुण्याच्या भंगारातनं एका विलायती गाडीचे डिस्क ब्रेक आणून ठेवले होते.

"ड्रम काढून ह्ये बसवू, गड्या," तो नाथाजीला म्हणाला. "उघडी थाळी असती. वाऱ्यानं गार ऱ्हाती. लय भारी काम."

"आत्ता गाडी उभी करू व्हय?" नाथाजी म्हणाला. "गुऱ्हाळं चालू हायत. हंगाम उरकू दे."

हंगाम उरकला नाही, त्याआधीच यल्लाप्पा उरकला.

सालप्याच्या घाटातल्या एका वळणावर गाडी डोंगराला घासली. चपला गाडीतच राहिल्या, तो बाहेर मातीत फेकला गेला. जागीच मेला.

पंचनाम्याच्या वेळी फौजदारानं विचारलं, "ब्रेक कसे होते?"

"ब्रेक चांगले होते, साहेब," नाथाजी म्हणाला. "गडी पिऊन होता."

बोलून गेला. आणि गावभर तेच झालं. यल्लाप्पाची बायको बाळाबाई पाण्याला आली, की आडावरच्या बायका आवाज बारीक करायच्या. नाथाजी हे बघायचा. बघून दुसऱ्या रस्त्यानं जायचा.

त्यानं गाडी दुरुस्त करून घेतली. मागं डिस्कही बसवून घेतले. पण मिस्त्रीच्या तोंडाकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही.

नवा ड्रायव्हर मिळेना. शेवटी बाजाराच्या दिवशी तो स्वतःच गाडीवर बसला. शेजारी लालासाहेब, ब्रेक कसे लागतात ते बघायला.

भर दुपारी घाटाचा उतार लागला.

नाथाजी ब्रेकवर पाय ठेवणार, तेवढ्यात…

धप्… धप्… धप्…

"पंप कशाला मारतोस?" लालासाहेब म्हणाला. "डिस्कला त्याची गरज न्हाई."

"मी… मी न्हाई मारत."

लालासाहेब खाली वाकला. नाथाजीचा पाय पायडलपासून वीतभर लांब होता.

पायडल एकटंच खाली-वर होत होतं.

मग वास आला… करपलेल्या ब्रेक-लायनरचा.

गाडी मंदावली. आणि बरोबर त्याच वळणावर अलगद उभी राहिली.

इंजिन बंद पडलं. वारा पडला. एक पाखरू बोलेना.

आणि नाथाजीच्या कानाशी कुणीतरी दमून श्वास सोडला…

लालासाहेब उतरला. कॅनमधलं पाणी त्यानं मागच्या डिस्कवर ओतलं. चुरचुरलं नाही. त्यानं हात लावला.

"गार हाय रं…" तो म्हणाला. "एवढा उतार उतरलो आपण. ह्या ब्रेकांनी गाडी धरलेलीच न्हाई."

दोघं बाजाराला गेलेच नाहीत. गाडी वळवून थेट मलकापूरला लालासाहेबाचं गॅरेज गाठलं. येताना लालासाहेबानं गाडी चालवली. वाटेत काही झालं नाही.

गॅरेजच्या कोपऱ्यात गाडीचे ते जुने ड्रम पडले होते. काढल्यापासून कुणी हलवले नव्हते. लालासाहेबानं त्यावर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागं ओढला.

 मग तांब्याभर पाणी घेतलं, ड्रमवर ओतलं.

चर्र… वाफ निघाली.

लालासाहेबानं तांब्या खाली ठेवला.

"नाथाजी, खरं सांग. प्याला व्हता त्यो?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवशी नाथाजी बाळाबाईच्या दारात गेला. जमिनीकडे बघत त्यानं सगळं सांगितलं. बाळाबाई रडली नाही.

"मला काय सांगताय, मालक? मला ठावं हाय. जिथं त्यांचं नाव घालवलंत, तिथं जाऊन सांगा."

तो चावडीवर गेला. पाच-पन्नास माणूस बसलेलं. नाथाजी उभा राहिला. मान खाली. तरी तो बोलला.

"यल्लाप्पा प्यालेला न्हवता. ब्रेक खराब व्हते. त्यानं सांगितलं व्हतं. मीच ऐकलं न्हाई."



मग म्हातारे दादासो उठले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघा रं, मालक असावा तर असा! मेलेल्या गड्याची अब्रू राखाय स्वतःवर दोष घेतोय. लय मोठं मन."

माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी पाठीवर थाप मारली. कुणीतरी चहाची बशी पुढं केली.

नाथाजीला पुन्हा सांगायचं होतं… न्हाई वो, खरंच माझी चूक हाय.

शब्द ओठांवर होते.

त्यानं बशी घेतली. चहा प्याला.

बाहेर पडला तर रस्त्याच्या कडेला बाळाबाई उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

तिच्या शेजारी, जरा मागं, आणखी दोन पाय दिसले. अनवाणी, मातीनं माखलेले.

नाथाजीनं मान वर केली नाही.

त्यानंतर किती वर्षं गेली, पण तो माणूस रस्त्यानं जाताना कुणाच्याच तोंडाकडे बघत नाही. खाली बघत चालतो. आणि मधेच थबकतो… पुढं कुणीतरी उभं असल्यासारखा.