चादरीवरचा पिवळा हात

चादर धुवायला राखेच्या पाण्यात बुडवली की तिच्यावर हात उमटे. डावा हात, पाचही बोटे फाकलेली, रंग पिवळाधमक. लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढली की तो नाहीसा होई. वाळलेल्या चादरीवर कुनिहिराला भिंगातूनही काही दिसत नसे.

तीन आठवड्यांत तीनदा असे घडले. तिसऱ्या वेळी रंग थोडा फिका होता.

"तुझी आई आहे ती," आत्या म्हणाली. "तू मलेरियाने पडलीस तेव्हा मी कासेसेला मातीला गेलेले. घरात चिटपाखरू नव्हतं. मग तुझ्याजवळ बसलं कोण?"

"हात एकवीस सेंटिमीटर आहे, आत्या. आईचा माझ्याहून लहान होता."

"मेलेल्यांचे हात वाढतात."

"कुणी मोजले?"

आत्याने तिकडे लक्षच दिले नाही. मेलेली आई लेकीला बोलावते आहे; नाही गेली तर पुढच्या तापात घेऊनच जाईल. तेव्हा शनिवारी चादर आईच्या थडग्याशी पुरायची आणि कुनिहिराने नोकरी सोडून गावीच राहायचे, असे तिने ठरवून टाकले होते.

कुनिहिराचा भुतांवर विश्वास नव्हता. पण तापातल्या दोनच गोष्टी तिला आठवत होत्या: जिभेवरची कडू चव आणि... एक गार मनगट. रुवेन्झोरीच्या डोंगरांवरून उतरलेले धुके खिडकीशी थबकले की तिच्या मानेवर श्वास जाणवे. ती वळून पाही. रिकामी खुर्ची. ही खुर्ची नेहमी दाराशी असे. ताप उतरला तेव्हा ती पलंगाशी होती. हे तिने आत्याला सांगितले नव्हते.

शुक्रवारी ती कामाला, संशोधन केंद्रात आली. आर्टेमिसिया या औषधी झुडपाच्या पानांतली फ्लेव्होनॉइड्स, म्हणजे पिवळसर रंगद्रव्ये, त्यातल्या मुख्य औषधाला मलेरियाविरुद्ध हातभार लावतात का, हे तिथे तपासत. परीक्षानळीत तसे दिसे. माणसांत सिद्ध झालेले नव्हते. काढा उकळण्याचे काम रुसोकेकडे होते. आठ महिने शेजारी काम करूनही तिने त्याचे एम्पाको, म्हणजे मायेने हाक मारायचे नाव, विचारले नव्हते. आमच्या टोरो मुलखात हे न विचारणे म्हणजे पाहुण्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणे.

"उद्या चाललात?" काढ्याची बरणी ठेवत त्याने विचारले.

"आत्या नेतेय. तुमची चंगळ आहे. बीकर धुतला नाही म्हणून ओरडणारं कुणी राहणार नाही."

"मग मी धुवायचा तरी कुणासाठी?"

ती हसली. सवयीने तिने नमुन्यात अल्कलीचा थेंब सोडला... काढा पिवळाधमक झाला. हजारदा पाहिलेला रंग. या वेळी मात्र तिचा हात हवेतच थांबला. राखेचे पाणी म्हणजेही अल्कलीच.

"तुमचा डावा हात दाखवा."

रुसोकेने तो खिशात घातला. "कशाला?"

"मोजपट्टी तयार आहे, रुसोके."

एकवीस सेंटिमीटर.

"खुर्ची तुम्ही हलवलीत," ती हळूच म्हणाली.

"हो... तुम्ही तापाने पडल्याचं कळलं, म्हणून दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या. मागचं दार उघडं होतं. तुम्ही दोनदा ओकलात, तिसऱ्यांदा पोटात राहिल्या."

"आणि काढा?"

"तुम्हीच मागितलात. तापातसुद्धा बजावलंत – नमुना क्रमांक चारच हवा."

"बोलला का नाहीत?"

"घरात एकटी मुलगी, आत्या परगावी. फोर्ट पोर्टलमध्ये गावभर झालं असतं. आज सांगणारच होतो. तुमच्या फाटकापर्यंत दोनदा येऊन परतलोय."

"गोळ्या देऊन निघायचं. चादरीवर हात कशाला?"

"काढा हातावर सांडला. पुसायला उठत होतो, तर तुम्ही मनगट धरलंत."

"किती वेळ?"

"सकाळपासून दिवेलागणीपर्यंत."

"सोडवून घ्यायचं होतं!"

तो खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहू लागला. "...प्रयत्न केला नाही."

तिने मोजपट्टी खाली ठेवली.

"तुमचं एम्पाको काय?"

"आठ महिन्यांनी आठवण झाली? अराली."

"माझं—"

"अब्वोली. मी पहिल्याच दिवशी चौकशी केली होती."

शनिवारी सकाळी आत्याने चादर राखेच्या पाण्यात बुडवली. त्यांच्या घरी आलेल्या अरालीने उमटलेल्या हातावर आपला हात ठेवला. बोटाला बोट जुळले. आत्याने दोन्ही हातांकडे पाहिले, मग भाचीच्या चेहऱ्याकडे.

"तुला आत्या आहे का रे?" तिने विचारले.

"आहे."

"तिला पाठव माझ्याकडे. लग्नाच्या गोष्टी पोरांनी बोलायच्या नसतात. आणि आधी तो हात लिंबाने धू."

चादर पुरली गेली नाही. हात अरालीचा होता. काढ्यातली फ्लेव्होनॉइड्स कापडात मुरली होती. ती राखेच्या पाण्यात पिवळी होत आणि लिंबाने तो रंग जाई. ठसा इतका खोल उमटला, कारण तो हात दिवसभर तिथून हलला नव्हता. आणि तो हलला नव्हता, कारण अब्वोलीने धरला होता.