डावीकडचा आरसा

स्पेअर पार्टच्या दुकानदाराने तो मोडका तुकडा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. मोटारसायकलच्या डाव्या हँडलवर आरशाचा दांडा ज्यात बसतो, तो ब्रॅकेट. मधोमध तुटला होता आणि तुटलेली कड साखरेसारखी दाणेदार चमकत होती.

"पाडली वाटतं?"

"उभी होती. पडली."

"उभ्या गाडीचा मार असा नसतो, राव. ही चालती पडलीय." दुकानदाराने आतून तसाच नवा ब्रॅकेट शोधून आणला. "कुणाची गाडी?"

"दाजींची."

"मग काही खरं नाही तुमचं! बहिणीला मध्ये घाला." तो मोकळं हसला. "आणि दाजींना सांगा, बोल्ट फार आवळू नका म्हणावं. आटे जातात."

"सांगतो," म्हणून तो पुडी खिशात घालून बाहेर पडला. दाजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. पण ते बोलायला त्याची जीभच उचलली नाही.

दाजी गेले ते आजारपणात, अंथरुणातच. मूलबाळ नव्हतं. ताई आणि ते, दोघांचा सगळा संसार जणू त्या गाडीवरच झाला होता. ताई शाळेत शिकवायची; सुटी लागली की मागे दोन्ही बाजूंना सामानाचे डबे अडकवायचे आणि निघायचं, पार रस्ता संपेपर्यंत. दाजींच्या मागे गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी राहिली. ताई शाळेतून आली की ती पुसायची, थोडा वेळ इंजिन चालू ठेवायची आणि पुन्हा चादर घालायची. सोबतीला म्हणून धाकटा भाऊ तिच्याकडे राहायला आला, तेव्हा तिने एकच गोष्ट बजावली होती. "घर तुझंच समज. फक्त गाडीला हात लावू नकोस."

आणि आदल्या दिवशी त्याने नेमका तिलाच हात लावला होता. तो कामाला होता त्या चष्म्याच्या दुकानातले सोबती दुकानाच्या सुटीच्या दिवशी घरी आले, त्यांनी शेडमध्ये डोकावून पाहिलं, आणि एक जण म्हणाला, "तुला पेलणार आहे का ही?" एवढं पुरलं. ताई शाळेत होती. चावी खिळ्याला होती.

गाडी सरळ रस्त्यावर लोण्यासारखी चालली. दगडखाणीच्या वळणावर मात्र ती एकदम जड झाली. मागे बसलेल्या माणसाने भलत्याच बाजूला अंग टाकावं तशी. त्याला सावरायला वेळच मिळाला नाही. डाव्या अंगावर गाडी घासत गेली. त्याला साधं खरचटलंही नाही. सोबती आधी हसले, मग गप्प झाले.

संध्याकाळी ताईने चादर काढली आणि ती मटकन खालीच बसली.

"मी आलो तेव्हा पडलेलीच होती," धाकटा म्हणाला. "मीच उचलून ठेवली."

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टाकीवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "माझंच चुकलं. सकाळी स्टँड नीट लावला नसेल मी... चुकलं हं माझं." ती कुणाला म्हणत होती कोण जाणे. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं बोलायची हीच वेळ होती. त्याने मूग गिळले. रात्री ताईने त्याला आग्रह करून वाढलं, तर तो अर्धं ताट टाकून उठला.

म्हणून आज तो ब्रॅकेट घेऊन आला होता. ताई यायच्या आत गाडी होती तशी करायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहू नये म्हणून त्याने शेडचं शटर आतून ओढून घेतलं आणि दिवा लावला. बाहेर लख्ख ऊन, आत मात्र पिवळा, आजारी उजेड. पेट्रोलचा आणि जुन्या रबराचा वास. शटरपलीकडे कुणाची तरी पावलं वाजत गेली, की त्याचा हात थबके.

अडकलेला बोल्ट निघाला. नवा ब्रॅकेट बसला. दांडा फिरवून आत घेतला, नट आवळला, आरसा मागचा रस्ता दिसेल असा लावला आणि पाना ठेवायला तो वाकला. वर पाहतो तर आरसा आत वळलेला.

आरशामागची गोटी सैल असेल, म्हणून त्याने पुन्हा लावला. पुन्हा वळला.

तिसऱ्यांदा त्याने आरसा तळव्यात घट्ट धरूनच ठेवला. तेव्हा त्याला ते जाणवलं. पलीकडून कुणीतरी दोन बोटांनी काच वळवत होतं. जोर नव्हता, राग नव्हता. रोजच्या सवयीने करावं तसं. त्याने चटका बसल्यासारखा हात काढला. शेडमध्ये तापलेल्या डांबराचा वास भरला होता.

आरशात आहे तरी काय, म्हणून तो गाडीवर चढून बसला. रस्ता नव्हता. त्याच्या डाव्या खांद्यावरून मागच्या सीटची जागा दिसत होती. रिकामी.

"तू लावलास असा?"

घराकडच्या दारात ताई उभी होती. हातात गाडीची चावी.

"मी... नाही. तो आपोआप वळतोय, ताई."

ती पुढे आली, गाडीच्या दिव्यासमोर थांबली. आरशाकडे पाहताना तिचा चेहरा मऊ झाला. "ते तसाच ठेवायचे. मागची वाहनं उजव्यात बघायचे. डाव्यात मी. मला मागे बसल्याबसल्या डुलकी लागायची ना..."

त्याच्याने राहवेना. "ताई, गाडी मी पाडली. काल घेऊन गेलो होतो. तुझा स्टँड नीट होता. मी खोटं बोललो. तू माफी मागत होतीस आणि मी... नुसता उभा राहिलो." मान वर करायची त्याला छाती होईना.

ती रागावली नाही.

"दुपारी?" तिने विचारलं.

"हो."

"डाव्या अंगावर?"

"हो."

"एकटाच होतास?"

"एकटाच. बाकीचे दुसऱ्या गाडीवर..."

ताईने डाव्या हाताची बाही हळूहळू वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडं सोललेलं होतं. ओल्या जखमेत काळी बारीक खडी रुतलेली.

"वर्गात होते मी," ती कुजबुजली. "फळ्यासमोर उभी. पडले नाही, कुठे आपटले नाही. पोरी किंचाळल्या तेव्हा रक्त दिसलं... वाटलं, डोकं फिरलं माझं. तुला सांगायची लाज वाटली रे."

धाकट्याला आठवलं. ते वळण. तो जडपणा. पडल्यावर त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं, आरसा तेवढा शोधला होता.

तिच्या डोळ्याला डोळा देववेना, म्हणून त्याने नजर वळवली. नजर आरशावर गेली.

मागच्या सीटवर ताई होती. डोक्याला रुमाल बांधलेला, डोळे मिटलेले, मान प्रवासात डुलावी तशी डुलत होती. रुमालातून सुटलेले केस वाऱ्यावर उडत होते.

"ताई..." त्याने समोर पाहिलं.

ती समोरच उभी होती. पण पापण्या जड झाल्या होत्या. "झोप येतेय रे," ती म्हणाली. "फार झोप येतेय..."

त्याने हात पुढे करून तिचा खांदा गच्च धरला, हलवला, हाक मारली. तिची मान नुसती डुलली. तिच्या मुठीत चावी तशीच होती. आणि त्याच्यासमोर, बंद गाडीच्या काचेखाली, वेगाचा काटा सावकाश वर चढत होता.