चोवीस तासांचा डबा

पुस्तकं मिटा जरा. उद्या परीक्षेत मूत्रपिंड विचारणार ना? मग हे ऐका. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. ज्याच्यावर बेतली तो पोरगा नवानवा डॉक्टर झालेला. काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पेन्सिल म्हणायचे.

अकरा डिसेंबर, गुरुवारची रात्र. पावणेदोन वाजलेले. काम साधंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातून एक प्लास्टिकचा डबा उचलायचा आणि तळघरात लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवायचा.

डबा सात नंबरच्या खाटेचा. तिथे बसचे एक निवृत्त ड्रायव्हर होते. कंबर धरली म्हणून आले आणि निघाला रक्ताचा कर्करोग. यात हाडांच्या आतल्या मगजातल्या पेशी माजतात, नको ते प्रथिन भसाभस बनवतात. त्याचे बारीक तुकडे मूत्रपिंडाच्या चाळणीतून खाली पडतात आणि पुढच्या नळ्यांत घट्ट बसतात. अशा माणसाला दुखण्यावरची नेहमीची इंजेक्शनं द्यायची नसतात. मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त त्यांनी आणखी आटतं.

पेन्सिलला हे तोंडपाठ होतं. पण मंगळवारी रात्री ड्रायव्हरकाका कळवळले, "डॉक्टर, काहीतरी द्या हो. कूस बदलता येत नाही." त्याला बघवेना. त्यानं इंजेक्शन दिलं. बुधवारी आणखी दोन. कागदावर मात्र एकही लिहिलं नाही.

गुरुवारी लघवी जवळजवळ बंदच झाली. चोवीस तासांची साठवायला डबा दिलेला, त्यात जेमतेम ओंजळभर. पेन्सिल खाटेपाशी जाऊन नुसता उभा राहायचा. काकाच त्याला धीर द्यायचे. "तोंड का पाडलंय? मला आता दुखत नाही. तुमच्या हाताला गुण आहे, डॉक्टर."

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी ते गेले. रक्तातलं पोटॅशियम चढलं आणि हृदय थांबलं.

सिस्टर म्हणाल्या, "आता कशाला तपासायचं? ओतून टाकते."

"नको. राहू द्या. मी नेतो."

कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

लिफ्ट बंद होती. तो जिना उतरू लागला. दुसऱ्या मजल्यावर त्यानं हात बदलला. डबा जड लागत होता. दोन रात्री झोप नाही, त्यानं होत असेल, त्याला वाटलं.

पहिल्या मजल्यावर पुन्हा हात बदलला. थंडीनं बोटं गारठलेली. आणि डबा... कोमट होता.

तो थांबला. झाकण बघितलं. घट्ट होतं.

आतून आवाज येत होता. बारीक धार. मध्येच थांबत... परत सुरू होत. म्हाताऱ्या माणसाची असते तशी.

"काका?"

...

तो पळाला. लॅबचं दार. फ्रीज. डबा आत. दार लावलं आणि पाठ लावून उभा राहिला.

आत धार चालूच.

मग थांबली.

आणि कानाशी... अगदी कानाशी... कुणीतरी सुस्कारा सोडला. मोकळं झाल्यावर सोडतात तसा.

मी सहाला आलो, तर हा फरशीवर बसलेला. माझा हात धरला आणि ती तिन्ही इंजेक्शनं आधी मला सांगितली, मग मोठ्या साहेबांना. कागदावर स्वतःच्या हातानं लिहिली. वर्षभरासाठी त्याला कामावरून दूर ठेवलं. त्यानं एक अक्षर उलट काढलं नाही.

डबा मीच बाहेर काढला. गळ्यापर्यंत भरलेला. दोन लिटर.

हसू नको रे. "मामा, डबा बदलला असेल," हेच म्हणणार ना? चिठ्ठीवर सात नंबर होता. खाली सिस्टरची सही.

या आजारात लघवी सावकाश तापवली की साठ अंशांच्या आसपास दुधासारखी गढूळ होते. आमच्या लॅबच्या बाईंनी नळी तापवायला ठेवली. पन्नास. साठ. सत्तर. दुसरी नळी घेतली. मग तिसरी. बाईंनी चिठ्ठीवरचा नंबर पुन्हा वाचला.

तिन्ही नळ्यांतली लघवी स्वच्छ होती, आजाराची खूणच नाही. विशीतल्या धडधाकट पोराची असते... तशी.