हॅटीचं आठवं पान

ही गोष्ट मी रचलेली नाही. मॉरिस ब्लाउने ती मला स्वतः सांगितली. सांगताना त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्या मजल्यावर मी बावीस वर्षं राहिलो. थापा मारणाऱ्यांतला तो नव्हता.

जागा क्वीन्समधली, सनीसाइड. साल १९५६, फेब्रुवारी महिना.

आणि वेळ रात्रीची नाही. दुपारचे चार. खिडकीत चांगला उजेड होता.

मॉरिस आणि त्याची बायको हॅटी प्रेमकथांची कॉमिक्स काढायचे. हॅटी पेन्सिलने चित्रं काढायची, मॉरिस त्यांवर ब्रशने शाई फिरवायचा. शाई वाळली की खालच्या पेन्सिलच्या रेघा रबराने पुसून टाकायच्या. छपाईला शाईच लागते. पंधरा वर्षं दोघांची टेबलं खिडकीपाशी समोरासमोर होती.

जानेवारीत हॅटी गेली.

काम करता करता तिने टेबलावर मान टेकली, ती पुन्हा उचललीच नाही. वय एकेचाळीस. मॉरिस समोरच बसला होता. त्याला वाटलं, डुलकी लागली असेल. दमली होती बिचारी. वीस मिनिटं त्याने तिला उठवलं नाही.

ती वीस मिनिटं त्याला जन्मभर पुरली.

तिच्या टेबलावर अर्धवट गोष्ट राहिली होती. आठ पानांची. एलन नावाची नर्स, आणि तिला सोडून गेलेला ट्रकवाला. सात पानं झालेली. आठव्यावर नुसत्या सहा चौकटी आखलेल्या. रिकाम्या.

सुतक संपलं, त्यांच्या रीतीप्रमाणे आरशांवर टाकलेली फडकी निघाली, आणि संपादक क्विनचा फोन आला.

"वाईट झालं रे, मॉरिस. तू ती सात पानं दे. शेवटचं मी दुसऱ्या कुणाकडून काढून घेतो."

"दुसऱ्या कुणाकडून नाही."

"मग काढणार कोण? तू? तुला सरळ खुर्ची काढता येत नाही."

"महिनाभर थांब," मॉरिस म्हणाला आणि फोन ठेवला.

तो पहिल्या पानाला बसला. शाई फिरवली. वाळू दिली. रबर हातात घेतलं...

आणि हात पुढे जाईना.

हॅटीच्या हातच्या रेघा होत्या त्या. पुसल्या की संपल्या.

शेवटी पुसल्या. रबराचा सगळा चुरा त्याने ब्रशने गोळा केला आणि पाकिटात भरला. हॅटीची धाकटी बहीण पर्ल रोज सूप घेऊन यायची, तिने ते पाकीट पाहिलं.

"कचरा जपून ठेवतोस?"

"कचरा नाही तो."

"बरं. मग सूप पी. तेही कचरा नाही."

सातवं पान झालं त्या दिवशी तो घरात एकटाच होता. घड्याळात चार वाजले.

आणि समोरच्या टेबलावरून...

खर्र. खर्र. खर्र.

कागदावर पेन्सिल.

मॉरिस हलला नाही. खोली तापवणारा रेडिएटर असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण रेडिएटर मधेच थांबून रेघेकडे बघत नाही. हा आवाज थांबायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा.

दहा मिनिटांनी शांत झालं.

तो उठला. समोर गेला. खुर्ची रिकामी.

पण आठव्या पानाची पहिली चौकट...

रिकामी नव्हती.

बसचा थांबा. हातात बॅग घेऊन एलन उभी. रेघ संपताना पेन्सिल जरा दाबायची, ती हॅटीची सवय. प्रत्येक रेघ तशीच संपलेली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दुसरी चौकट भरली. तिसऱ्या दिवशी तिसरी. पर्लने पान पाहिलं आणि सुपाचं भांडं हळूच खाली ठेवलं.

"हे तू काढलंस?"

"नाही."

"तुला हात काढता येत नाहीत, मॉरिस. तू काढलेले हात हातमोज्यांसारखे दिसतात." तिने एलनच्या बोटांवरून बोट फिरवलं. "ही आमच्या आईची बोटं आहेत. हॅटी सगळ्या बायकांना हीच बोटं द्यायची."

चौथ्या दिवशी पर्ल तिथेच बसून राहिली. चार वाजले.

खर्र. खर्र.

पर्ल ओरडली नाही, पळाली नाही. तोंडावर हात धरून ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हॅटी, तुझा निळा कोट मी नेला आहे गं. चालेल ना?"

आवाज क्षणभर थांबला...

मग पुन्हा सुरू झाला.

पाच दिवसांत पाच चौकटी झाल्या. उरली एक. त्या रात्री मॉरिसच्या मनात आलं, सहावी भरली की काम संपलं. मग ती कशाला येईल?

दुसऱ्या दिवशी पावणेचारला त्याने रबर घेतलं आणि पाचवी चौकट पुसून टाकली.

चार वाजता हॅटीने ती पुन्हा काढली.

त्याने पुन्हा पुसली. तिने पुन्हा काढली.

असे अकरा दिवस गेले. मॉरिस दाढी करू लागला. साडेतीनलाच स्वच्छ शर्ट घालून बसू लागला. तिच्याशी बोलायचा. कोपऱ्यावरचा दुकानदार काय म्हणाला, बर्फ किती पडलं. उत्तर यायचं नाही. खर्र खर्र चालू असायची, तेवढं त्याला पुरे होतं.

पण कागद झिजत चालला होता.

रेघाही पुसट होत होत्या. आधी दहा मिनिटांत होणाऱ्या चौकटीला आता तास लागायचा. आणि अकराव्या दिवशी पेन्सिलच्या आवाजाबरोबर आणखी एक आवाज आला...

धाप लागल्याचा.

पर्ल दारात उभी होती. तिने तो ऐकला. टेबलावरचं रबर पाहिलं. सगळं तिच्या लक्षात आलं.

"तू पुसतोस?"

मॉरिसने रबरावर हात ठेवला.

"रोज?"

"तिने यावं म्हणून, पर्ल."

"ती दमली आहे, मॉरिस. जिवंत असतानाही दमली होती. तेव्हा तू तिला झोपू दिलंस." पर्लने डोळे पुसले. "तेवढं तरी बरं केलंस. आता पण झोपू दे."

मॉरिस लहान मुलासारखा रडला. पण दुसऱ्या दिवशी त्याने रबराला हात लावला नाही.

चार वाजले. पेन्सिल सुरू झाली. हळू, फार हळू. अंधार पडेपर्यंत चालली. मॉरिस या वेळी काही बोलला नाही. नुसता समोर बसून राहिला.

मग टेबलावर पेन्सिल ठेवल्याचा आवाज आला...

आणि काही नाही.

शेवटच्या चौकटीत मिठी असायला हवी होती. ट्रकवाला परत येतो, दोघं भेटतात, गोष्ट संपते. हॅटीने तसं काढलं नव्हतं. एलन बसमध्ये खिडकीशी बसलेली. एकटी. आणि ती ट्रकवाल्याची वाट बघत नव्हती. कागदातून थेट बाहेर बघत होती, शाई फिरवणारा बसतो तिथे.

मॉरिसने दोन दिवस त्या एका चेहऱ्यावर शाई फिरवली. मग पेन्सिलच्या रेघा पुसल्या. पानं नेऊन दिली.

"मिठी कुठे आहे?" क्विनने विचारलं. "पोरी मिठीसाठी घेतात रे हे." त्याने दुसऱ्याकडून मिठी काढून घेतली, शेवटच्या चौकटीवर चिकटवली आणि तशीच छापली. मॉरिस मूळ पान मागायला गेला तेव्हा जुने कागद रद्दीत गेले होते.

म्हणजे पुरावा माझ्याजवळ काहीच नाही. पर्ल गेली. मॉरिसही गेला, एकोणीस वर्षांनी. त्या टेबलावरून पुन्हा कधीच आवाज आला नाही. तरी तो रोज चार वाजता तिथे बसायचा, ते मी पाहिलं आहे.

एकदा मी त्याला विचारलं, "ती तुझा निरोप घेत होती, असं वाटतं का तुला?"

त्याने समोरच्या टेबलाकडे पाहिलं.

"बसमध्ये तिने बॅग मांडीवर घेतली होती," तो म्हणाला. "शेजारची जागा रिकामी होती. ती माझ्यासाठी धरून ठेवली होती, की मी तिथे नसणारच म्हणून रिकामी होती... हे मला आजही कळलेलं नाही. शाई फिरवताना मी तिला विचारायला हवं होतं."