हिल्माचं नाव न घेता

ऑगस्टातला सोमवार होता. कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, तरी पंख्याची हवा गरमच लागत होती. ज्युरीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. खटला दुसऱ्या दिवसापासून चालायचा होता. ज्युरीच्या कानावर काय जाऊ द्यायचं आणि काय नाही, एवढंच आज ठरायचं होतं.

कोरीन लाहती ड्वेन स्ट्रँडची वकील होती. ड्वेन तळ्याकाठच्या आपल्या घरात काही म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचा. त्यातल्या एका म्हाताऱ्याच्या दंडांवर काळेनिळे वळ सापडले. म्हाताऱ्याची वाचा कधीच गेलेली. ड्वेन म्हणत होता, पडताना सावरलं त्याचे वळ आहेत. छळाचा खटला होता तो या वळांपुरता. पण सरकारी वकील लाईल हौताला याच्याकडे आणखीही काही होतं. मागे एका जानेवारीत, अंथरूण ओलं केलं म्हणून ड्वेननं हिल्मा नावाच्या म्हातारीला अंगातल्या गाऊनवर मागच्या पोर्चमध्ये काढलं होतं आणि आतून कडी घातली होती. हिल्मानं हे एका नर्सला सांगितलं, आणि बर्फ वितळायच्या सुमाराला ती वारली.

"जी बाई हयात नाही तिची उलटतपासणी मी कशी घ्यायची?" कोरीन म्हणाली. "त्या गोष्टीचा गुन्हाही कधी नोंदला गेला नाही. ज्युरीनं ते एकदा ऐकलं, की वळांकडे कोण बघणार?"

"हेच तर," लाईल म्हणाला. "माणूस कसा आहे ते कळू दे ना त्यांना."

"त्यासाठी खटला नसतो, लाईल."

जज व्हर्ना ब्रॅडिक यांनी चष्मा काढून डोळे चोळले. कायदा कोरीनच्या बाजूनं होता, हे तिघांनाही ठाऊक होतं. पोर्च, ती थंडी, हिल्माचं नाव, यातलं काहीही ज्युरीसमोर उच्चारायचं नाही, असा त्यांनी हुकूम दिला.

बाहेर पडताना लाईलनं विचारलं, "हिल्माबाई तुमच्या शाळेत जेवण वाढायच्या ना गं?"

"हो."

"आमच्याही."

एवढंच बोलून तो जिना उतरून गेला. ती गोष्ट ज्युरीपुढे येऊ नये म्हणून केलेल्या अर्जात कोरीननं 'सदर महिला' असंच लिहिलं होतं. नाव लिहायला हात धजावला नव्हता.

खटला सुरू झाला. पहिल्या सकाळीच ज्युरीत टोकाला बसलेल्या मार्लीस नावाच्या बाईंनी स्वेटर घातला. म्हातारं माणूस, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दुपारपर्यंत शेजारच्या धिप्पाड ट्रकवाल्यानं हात काखेत दाबून धरले. दुसऱ्या दिवशी ज्युरीतली माणसं घरून कोट घेऊन आली. कोर्टाच्या शिपायानं भिंतीवरचा तापमापक पाहिला, त्याच्यावर टिचकी मारली, खिडक्या लावून घेतल्या. कोरीनच्या ब्लाऊजची पाठ घामानं चिकटली होती. डॉक्टर वळांबद्दल सांगत होते आणि ज्युरीतली एक तरुण शिक्षिका टोपी कानांवर ओढून घेत होती.

जेवणाच्या सुट्टीत जजबाईंनी दोघा वकिलांना आपल्या खोलीत बोलावलं.

"ज्युरीशी कुणी काही बोललंय?"

"माझ्या बाजूनं कुणी नाही," लाईल म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी सगळ्यांना विचारलं."

"मग हे काय चाललंय?"

टेबलावरच्या सरबतात बर्फ कधीच विरघळला होता.

"कोरीन," जजबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुला मागणी मागे घ्यायची असेल तर आत्ता सांग. नर्स खालीच बसली आहे. मी स्वतःहून हुकूम बदलू शकत नाही. थंडी वाजते, हे काही कारण होत नाही."

कोरीनला शाळेतला वाफाळता बटाट्याचा रस्सा आठवला. 'अजून घे, हडकुळे,' म्हणणारा आवाज आठवला. पण तिच्यावर विसंबून एक माणूस खाली बसला होता. वकिलानं आपल्याच अशिलाचा गळा कापायचा नसतो. हे खरं होतं. खरं असूनही तिला जजबाईंच्या नजरेला नजर देता येईना.

"नाही," ती म्हणाली. "हुकूम आहे तसा राहू दे."

शेवटचं भाषण तिनं उभ्यानं केलं.

"तुमच्यासमोर जे आलं, तेवढ्यावरच निर्णय द्यायचा आहे," ती म्हणाली.

समोर सगळे एकमेकांना चिकटून बसले होते. मार्लीसबाईंचे ओठ निळे पडले होते.

कोरीननं कपाळावरचा घाम पुसला.

ट्रकवाल्यानं श्वास सोडला. श्वास पांढरा दिसला.

मग शिक्षिकेचा. मग मागच्या रांगेतल्या सगळ्यांचा.

लाईल टेबलाकडे पाहत राहिला. जजबाई खिडकीकडे.

कोरीन बोलत राहिली.

ड्वेन सुटला. वळ कसे आले हे नक्की सांगता येत नाही, असं ज्युरीनं म्हटलं. पायऱ्यांवर त्यानं कोरीनचा हात हातात घेऊन हलवला.

"ज्युरीतले बिचारे काकडत होते," तो म्हणाला. "असेच होतात ते. आधी दारावर थापा मारतात, मग मारायचं थांबतात."

तो गाडीत बसेपर्यंत कोरीन तिथंच उभी राहिली, आणि घरी जाऊन बराच वेळ नळाखाली हात धूत बसली.

सप्टेंबरात औषधांच्या दुकानात तिला मार्लीसबाई दिसल्या. तिला निसटायचं होतं, पण बाईंनी हाक मारली. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्या होत्या. दोन बोटं आखूड वाटत होती.

"डॉक्टर म्हणतात, गोठून मेली," बाई संकोचून म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच होती. "सारखे विचारतात, होता कुठं तुम्ही? मी म्हटलं, कोर्टात. हसले मला."

आता कसलीच मनाई नव्हती. खटला संपला होता. कोरीनला सगळं सांगता आलं असतं.

"बरं वाटेल हळूहळू," ती म्हणाली.

"तुम्हाला नाही ना काही झालं? आमच्या समोरच होता तुम्ही." बाईंनी डाव्या हातानं तिचा हात धरला, आणि त्यांचा चेहरा एकदम सैलावला. "अगं बाई, किती ऊबदार हात आहे तुमचा."

कोरीननं हात सोडवायला पाहिलं. बाईंनी पट्ट्यांचा हातही वर ठेवला, डोळे मिटले, आणि कुणा दुसऱ्याच म्हातारीच्या आवाजात म्हणाल्या, "थोडा वेळ राहू दे."