वायपरचं पाणी

सिग्नल लाल होता, ऊन थेट समोरून येत होतं आणि गाडीची काच इतकी धुळकटली होती, की पुढचं सगळं मी अंदाजानेच बघत होते. म्हणून मी वायपरची दांडी स्वतःकडे ओढली. बॉनेटवरच्या दोन छिद्रांपैकी एकातून थेंबही आला नाही. दुसऱ्यातून मात्र निळ्या पाण्याची जोरदार धार उडाली... पण काचेवर नाही. ती तिरकी झाली, छानशी कमान करत डावीकडे गेली आणि फुटपाथच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर जाऊन फुटली.

मी दचकले. दांडी सोडायची सोडून आणखी घट्ट ओढली.

पाणी संपलं तेव्हाच धार थांबली. तोवर तो माणूस छातीपासून पोटापर्यंत निथळत होता. काखेत एक मोठा गुंडाळलेला कागद होता, तेवढा त्यानं डोक्यावर धरून वाचवला होता. तो गाडीजवळ आला, वाकला. मी खिडकी खाली केली आणि मनातल्या मनात शिव्यांची तयारी ठेवली.

"हे रोज सगळ्यांना मिळतं," त्यानं विचारलं, "की आज माझाच मान होता?"

हनुवटीवर एक निळा थेंब लटकत होता. कुरळे केस, आणि डोळे असे, की हसू आधी तिथे येतं, मग ओठांपर्यंत पोचतं.

"सॉरी... खरंच सॉरी. काल मी गाडी ब्रशनं घासून धुतली ना, तेव्हा ते छिद्र फिरलं असणार."

त्यानं माझ्या काचेकडे पाहिलं. "धुतलीत? ही?"

"आमच्या रस्त्यावर खोदकाम चाललंय," मी पुटपुटले. "तुम्हाला कुठे जायचंय?"

"मुलाखतीला."

सिग्नल हिरवा झाला होता, मागचे हॉर्न सुरू झाले होते.

"बसा," मी म्हणाले.

"अहो, पण सीट भिजेल—"

"भिजू दे. मागचे लोक मला खाऊन टाकायच्या आत बसा."

तो बसला. मी गरम हवा पूर्ण सोडली आणि चारही झडपा त्याच्याकडे वळवल्या. बाहेर एवढं ऊन, आत ही भट्टी. दोन मिनिटांत आम्ही दोघंही घामाघूम.

"शर्ट वाळेल," मी धीर दिला.

"शर्ट वाळेल. पण मी शिजेन."

मला हसू आवरेना. तो बालवाडीचा शिक्षक होता. सकाळच्या गाडीनं आला होता, नदीपलीकडच्या एका शाळेत मुलाखतीला. घराजवळच्या शाळेत नोकरी जवळजवळ नक्की होती. तिथे आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

"मग एवढ्या लांब कशाला आलात?"

"तिथे मुलांना सरळ रांगेत बसवतात," तो म्हणाला. "इथे मुलांना बसवतच नाहीत, असं ऐकलंय." मग त्यानं विचारलं, "तुम्ही काय करता?"

"फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांच्या घरी जाऊन त्यांचे गुडघे वाकवते."

"आणि वाटेत भेटतील त्यांना आंघोळ घालता."

"ती सेवा मोफत आहे."

आम्ही पुलावर पोचलो, आणि शेजारून एक ट्रक डबक्यातून सपकन् गेला. क्षणात सगळी काच चिखलानं माखली. मी वायपर लावले. चिखल अर्धगोलात सारखा पसरला, खडबडीत भिंतीला गिलावा केल्यासारखा. पाण्यासाठी दांडी ओढली, तर नुसतंच घर्रर्र... सगळं पाणी शेजारी बसलेल्या शर्टात होतं.

डोकं खिडकीबाहेर काढून, जीव मुठीत धरून मी पूल उतरले आणि गाडी कडेला घेतली. त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

मी आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. माझ्या आईची ड्रायव्हिंग स्कूल आहे. अर्ध्या शहराला तिनं गाडी शिकवली, मलाही शिकवली; पण बॉनेट उघडायची वेळ आली, की मला नेमकं दुसरं काम निघायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"आई, वायपरचं पाणी कुठे भरतात?"

"क्लच सोडू नका," ती कुणाला तरी म्हणाली. मग मला, "पाच वर्षं गाडी चालवतेस तू."

"आई, घाई आहे."

"इंजिन बंद कर. तुझ्या पायाशी खटका आहे तो ओढ. मग पुढे येऊन बॉनेटच्या फटीत बोटं घाल, आत एक जीभ लागेल."

"लागली," तो म्हणाला. त्यानं बॉनेट उचललं आणि आतली काठी काढून टेकू दिला.

"कोण बोललं ते?"

"प्रवासी," मी म्हणाले.

"टॅक्सी कधीपासून चालवायला लागलीस?"

तो खाली मान घालून हसत होता. खांदे हलत होते, ते मला दिसलं.

"निळं झाकण शोध," आई म्हणाली. "वर काच आणि कारंजं असं चित्र असेल. दुसऱ्या कुठल्या झाकणाला हात लावू नकोस; इंजिन गरम आहे, भाजेल. आणि डिकीत स्टेपनीजवळ मी ठेवलेली निळ्या साबणाची बाटली आहे. त्यातलं झाकणभर, बाकी साधं पाणी. गळ्यापर्यंत भरू नकोस." मग आवाज बदलून, "प्रवाशाचं नाव-गाव विचारलंस का?"

मी फोन ठेवला. कान तापले होते, आणि त्याला गरम हवेचं कारण देता येत नव्हतं.

टाकीचा गळा खोल, अडगळीत होता. प्यायच्या पाण्याच्या बाटल्या आमच्या दोघांकडेही होत्या, पण ओतलं की निम्मं बाहेर सांडायचं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग काखेतला तो गुंडाळलेला कागद काढला.

"काय आहे तो?" मी विचारलं.

"देवमासा. मुलांना शिकवून दाखवायचंय ना आज, म्हणून काल रंगवला."

"नको. अहो, नको..."

"देवमाशाला पाण्याची सवय असते," तो म्हणाला, आणि त्यानं कागदाचं नरसाळं केलं.

मी पाणी ओतत होते, तो नरसाळं धरून होता. आमची डोकी एकमेकांना जवळजवळ टेकली होती. त्याच्या शर्टाला साबणाचा वास येत होता — माझ्याच साबणाचा. आतमध्ये पाणी बुडबुड करत चढत होतं, आणि खरं सांगते, मला ते लवकर भरायला नको होतं.

बंद पडलेलं छिद्र त्यानं माझ्या केसातल्या पिनेनं मोकळं केलं. मग फिरलेलं छिद्र नीट करायला तो बॉनेटपाशी उभा राहिला आणि मी आत बसले.

"ओढा," तो म्हणाला. पाणी छपरावरून गेलं.

"पुन्हा." या वेळी त्याच्या कानाखाली.

"मुद्दाम केलंत."

"देवाशपथ नाही."

"पुन्हा ओढा..."

आणि मग दोन्ही धारा एकदम आल्या, सरळ काचेवर. वायपर एकदा इकडे, एकदा तिकडे... चिखल खाली ओघळला आणि काचेपलीकडे तो होता. भिजलेला, हातात माझी पिन, आणि माझ्याकडेच बघत होता. मला दांडी सोडायची आठवण राहिली नाही.

शाळेच्या फाटकाशी त्याला सोडलं तेव्हा उशीर झाला होता, पण फार नाही. शर्टावर भला मोठा फिकट निळा डाग. कागदाचा लगदा.

"तुम्ही निघा," तो म्हणाला. "तुमचे गुडघे वाट बघत असतील."

"हो, निघतेच," मी म्हणाले. तो आत गेल्याबरोबर पेशंट आजोबांना फोन करून दुपारची वेळ मागून घेतली, आणि फाटकाबाहेर फेऱ्या मारत राहिले. आतून मुलांचा कल्ला ऐकू येत होता. मध्येच सगळी मिळून हसली. मला वाटलं, डागाला हसली. त्याची नोकरी माझ्या एका दांडीपायी गेली तर? आणि नाही गेली तर?... तर तो इथेच राहील. हा विचार आला आणि मी दोन पावलं पळालेच.

तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"गेला नाहीत?" तो म्हणाला.

"काय झालं ते सांगा आधी."

"शर्टावरच शिकवलं. हा समुद्र, हे बेट. चित्राची गरजच पडली नाही." तो फाटकाला टेकला. "घेतलंय त्यांनी मला."

"मग हो म्हणालात ना?"

"अजून नाही. दुपारपर्यंत सांगतो म्हटलंय. तिकडे आई-बाबा आहेत, घर आहे. इथे माझ्या ओळखीचं..."

मी माझ्या चपलांकडे बघत होते.

"एक जण आहे," मी म्हणाले.

"कोण?"

"मुद्दाम विचारताय."

"हो. स्पष्ट ऐकायचंय."

"मी आहे." मी चपलांवरून नजर उचलली. "मला वाटतं, तुम्ही राहावं. आजच भेटलोय, वेडेपणा आहे, माहितीये मला... पण राहावं."

त्यानं एक लांब श्वास सोडला. मग ते हसू आलं, आधी डोळ्यांत.

"मोठ्या बाईंनी विचारलं, या शहरात का राहायचंय तुम्हाला. शाळेचं कौतुक करायला हवं होतं मी. आणि सगळं सांगून बसलो. सिग्नल, पूल, पिन... सगळं." तो मान खाजवत म्हणाला, "त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. म्हणाल्या, मघापासून फाटकाशी घिरट्या घालतेय, तीच का ती? मग दुपारपर्यंत वेळ घ्या. आधी तिला विचारून या."

मी वर बघितलं. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतला पडदा घाईघाईनं सरकला.

"मग इथे काय उभा राहिलास," मी म्हणाले. "जा ना. सांगून ये."

माझ्या तोंडून एकेरी निघालं, ते मला बोलून झाल्यावर कळलं. त्याला मात्र आधीच कळलं होतं. तो मागे मागे चालत गेला, मग वळला आणि चक्क धावत सुटला. मैदानात खेळणारी चार-पाच पोरं काही न कळता त्याच्यामागे धावू लागली. पायऱ्यांपाशी पोचून तो वळला.

"तू थांबशील ना?" त्यानं तिथूनच विचारलं.

"थांबते," मी म्हणाले. इतकं हळू, की त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तरी त्यानं मान डोलावली, आणि दोन-दोन पायऱ्या चढत आत गेला.